बाकी आम्ही बघतो

यार्दाकाकांना गणपतीची आरती तोंडपाठ येते, असा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वेकर्स हिलमधल्या निम्म्या मराठी लोकांचा ठाम समज होता. आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. दरवर्षी आमच्या गराजमध्ये गणपती बसायचा आणि आमच्या शेजारचे हे सत्तरीचे गोरे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत उभे राहायचे. टाळ्या तालात, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठ शब्दन्‌शब्दाला बरोबर हलायचे. एकदा एका काकूंनी त्यांना भरल्या डोळ्यांनी म्हटलं, "आमच्या मुलांना येत नाही हो, आणि तुम्ही बघा!" काकांनी मान झुकवली. पुढची आरती तुम्हीच सुरू करा म्हणून आग्रह झाला तेव्हा मात्र त्यांनी घसा बसल्याची खूण केली आणि मोदकांच्या दिशेने सटकले.

तिसऱ्या वर्षी मी नेमकी त्यांच्या शेजारी उभी होते. आरती रंगात आली आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूने मला काहीच ऐकू येत नाहीये. नुसते ओठ! लोक पांगल्यावर मी त्यांना गाठलं.

"काका, तुमच्या तोंडून आवाजच येत नव्हता."

"येणारच नाही," ते शांतपणे म्हणाले. "समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि केसभर मागे राहायचं. हेच माझं काम होतं. मी बालकलाकार होतो, बॉस."

ते मला बॉस म्हणत. मी त्यांना काका म्हणे. इथल्या रीतीने नुसतं यार्दा म्हणायला हवं होतं, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ वळली नाही. काका म्हणजे काय ते समजल्यावर ते खूश झाले आणि गल्लीभर सांगत सुटले. त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत असायचं, मधूनमधून चेक. पण मला ते आठवतं ते मराठीतच, तेव्हा तसंच सांगते.

बालकलाकार ही थाप असेल असं मला वाटलं होतं. ख्रिसमसच्या आठवड्यात त्यांनी मला आणि माझ्या मुलीला, ईराला, घरी बोलावलं. मॅगीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, लॅपटॉप लावून दिला. बर्फाने झाकलेलं एक गाव, आणि काखेत बदक धरून पळणारा नऊ वर्षांचा मुलगा. कान तेच, हनुवटीवरची खळी तीच. लहान मुलांना घेऊन अख्ख्या घराने बसून बघायचे असे चार चित्रपट त्यांनी केले होते. एकात गिरणीवाल्याचा नातू, एकात राजवाड्यातला भांडी घासणारा पोर, एकात कुत्रा हरवलेला मुलगा, आणि हा बदकवाला. तिकडे अजूनही दर ख्रिसमसला लोक तो बघतात म्हणे. पडद्यावरचा मुलगा काहीतरी बोलला. इतका गोड, पातळ, स्वच्छ आवाज की ईरा म्हणाली, "सो क्यूट!"

"क्यूट आहेच," काका म्हणाले. "पण तो मी नाही. ती प्रागची मुलगी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं गाव देशाच्या पूर्वेला, कोळशाच्या खाणींच्या भागात. तिकडचे लोक शब्द तोडून, आखूड बोलतात. प्रागवाले त्यांना चिडवतात, की तुमची चोच आखूड आहे. त्यातून काकांचा आवाज लहानपणापासून घोगरा. दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा सोन्याचा आहे, आवाज मात्र खाणीतला." शूटिंगच्या वेळी काका घाबरून अडखळायचे तेव्हा तो पाठीवर थाप मारून सांगायचा, "तू फक्त ओठ नीट हलव. बाकी आम्ही बघतो." काकांना वाटलं, हा धीर देतोय. पुढे गावच्या थिएटरात सगळी शाळा, सगळा मोहल्ला जमला, दिवे गेले, पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि आतून भलतंच कोणी बोललं. शेजारी बसलेल्या आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काही नाही. नुसतं बघितलं. हा माझाच का, असं."

आवाज देणाऱ्या त्या मुलीला ते एकदाच भेटले, एका समारंभात. तिने त्यांच्या वाटणीचा केक खाल्ला. हे सांगताना साठ वर्षांनंतरही त्यांना राग यायचा. शाळेतली मुलं म्हणायची, त्या आवाजात बोलून दाखव. येईना, म्हणून मग म्हणायची की तो तू नव्हतासच. पुढे देशात परकी रणगाडे शिरले, आई-वडील त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियात आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काकांनी जन्म काढला. कोरसमध्ये, वाढदिवसाला, चर्चमध्ये, कुठेही सगळे मिळून गायला लागले की त्यांचे ओठ हलत आणि आवाज बंद होई. ती सवय मात्र गेली नाही.

एरवी म्हणाल तर हा माणूस दिवसभर बोलायचा! गवत कापायच्या मशीनशी बोलायचा, लिंबाच्या झाडाशी भांडायचा, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेताना डब्यांना शिव्या घालायचा. आणि दर दोन वाक्यांनंतर एक उसासा, "नो यो." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, बरं बाबा, असू दे. गवताचं मशीन सुरू झालं नाही की कुंपणापलीकडून आम्हाला रोजचा कार्यक्रम ऐकू यायचा. "नो यो, म्हाताऱ्या! तुझंही माझ्यासारखंच झालंय. खोकतोस फार, काम करत नाहीस." ईराला ते सगळं पाठ होतं. ती हनुवटी गळ्याशी घेऊन, घसा खरवडून अशी काही नक्कल करायची की मी स्वयंपाकघरातून फसायचे. मग बाहेर येऊन तिला ओरडायचे. मोठ्या माणसांची नक्कल करू नये, आणि कोणाच्या बोलण्याची तर मुळीच नाही.

हे मी जरा जास्तच जोरात म्हणायचे. त्याचं कारण आहे. मी जळगावची. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा "काय करी राहिली?" असं एकदा तोंडून निघालं आणि होस्टेलच्या मुलींनी ते वर्षभर पुरवून वापरलं. सहा महिन्यांत मी माझी भाषा अशी घासूनपुसून घेतली की सुट्टीत घरी गेल्यावर आत्या म्हणाली, ही रेडिओवर लागली का काय? तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. आता मी कॅसल हिलमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या कामातला कचरा शोधून काढायचा, याचे मला पैसे मिळतात. काकांच्या बाबतीत मी जी माती खाल्ली ती याच दोन गुणांमुळे.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर काकांचा घोगरेपणा वाढला. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रच काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका आमच्या दारात, हातात हॉस्पिटलने दिलेले कागद. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की ऑपरेशनच्या आधी काही शे वाक्यं वाचून रेकॉर्ड करा, त्यावरून कॉम्प्युटर तुमचा आवाज तयार करेल. नंतर टॅबलेटवर टाइप केलं की तो तुमच्या आवाजात बोलेल.

"बॉस, तू मशीनवाली आहेस," ते म्हणाले. "हे आपण नीट करू. एकदा दुसऱ्याच्या आवाजात बोललो, बास झालं. या वेळी माझाच पाहिजे."

मी म्हटलं, "काका, नो वरीज. माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त वाचा, बाकी मी बघते." बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्यांनाही कळलं. ते हसले फक्त.

घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे माझं कपड्यांचं कपाट, आत चालत जाता येईल एवढं. तिथे एक खुर्ची टाकली. काका माझ्या साड्यांच्या आणि हिवाळी कोटांच्या मधे बसायचे, डोक्याला हेडफोन, समोर लॅपटॉप. वाक्यंही काय एकेक! आज हवा छान आहे. बोट किनाऱ्याला लागली. काका एक वाक्य वाचायचे आणि मग त्या वाक्याला टोमणा मारायचे. "कुठली बोट? कोणी आणली? मॅगीला बोट लागते, माहितीये तुला?" मग खोकायचे, हसायचे, "नो यो" म्हणायचे. स्क्रीनवर लाल फुली यायची. वाक्याशिवाय दुसरं काही चालत नव्हतं.

"काका, तेवढंच वाचा हो. मधे बोलू नका."

"बरं. चोच जरा लांब करू?"

आणि मी म्हणाले, "हो, थोडी स्पष्ट करा. छान येईल." आपली अक्कल! ते ताठ बसले. शब्द लांबवून, गुळगुळीत करून वाचायला लागले, बातम्या दिल्यासारखे. हिरव्या खुणा पटापट पडायला लागल्या. मी अंगठा दाखवायचे, म्हणायचे, "परफेक्ट!" आणि ते शाबासकी मिळालेल्या पोरासारखे पुढचं वाक्य घ्यायचे. चार रविवार आम्ही हे केलं. दर रविवारी दुपारी मी बसून फायली साफ करायचे. वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं कापून टाकायचं. खोकला, हसणं, मॅगीची बोट, लिंबाचं झाड, प्रागच्या मुलीने खाल्लेला केक, सगळं. वर रिसायकल बिनही रिकामी करायचे. कचरा ठेवायचा नाही, ही कामाची शिस्त.

थेरपिस्ट बाईंनी खरं तर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरी अशी की त्यांची रोजची वाक्यं, हाका, शिव्या, जशा आहेत तशा वेगळ्या रेकॉर्ड करा. ते मी शेवटी ठेवलं होतं. सोपं होतं ना! ते काय, कुंपणाशी उभं राहून एका शनिवारी होऊन जाईल. शनिवार ठरलाही. आणि त्याच्या आधीच्या बुधवारी हॉस्पिटलचा फोन आला की एक जागा रिकामी झाली आहे, ऑपरेशन उद्या सकाळी, आज दुपारीच दाखल व्हा.

मी ऑफिसमधून तशीच निघाले. पोचले तेव्हा काका कॉटवर गाऊन घालून बसले होते, हातात सुई टोचलेली. मॅगी नर्सशी बोलत होती. माझा फोन पर्समध्ये होता. बटण दाबलं की झालं असतं. "काका, मशीनवर ओरडता तसं ओरडा, मॅगीला हाक मारा," एवढं म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही. उद्या ऑपरेशनला निघालेल्या माणसापुढे फोन धरायचा आणि बोला म्हणायचं, म्हणजे शेवटचं बोलून घ्या असंच की! आपल्याकडे अशा वेळी असलं अभद्र कोणी मनातसुद्धा आणत नाही. अंगारा लावतात, सगळं छान होणार म्हणतात. मी पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली. फोन आतच राहिला.

"बॉस, आपलं झालंय ना सगळं?" त्यांनी विचारलं. "मशीन ओके म्हणालं ना?"

"सगळ्या खुणा हिरव्या आहेत काका."

"मग झालं. उद्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्याची पाळी आहे, आमचाही बाहेर काढ. मागच्या वेळी मॅगीने लाल काढला. नो यो."

त्यांच्या गळ्यातून आलेलं मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

ऑपरेशन पार पडलं. गळ्यात व्हॉल्व्ह बसवून थोडं बोलता येतं म्हणतात, पण काकांची जखम भरेना, ते राहिलंच. गळ्याला लावायचं एक घुर्रघुर्र करणारं यंत्र मिळालं होतं. त्यांनी ते एकदा लावलं, स्वतःच दचकले आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. ते टॅबलेटचीच वाट बघत होते. जानेवारीत तो आला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो, काका, मॅगी, ईरा आणि मी. मॅगीने लिपस्टिक लावली होती. काकांनी सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं.

"हॅलो मॅगी. आज हवा छान आहे."

आवाज सुंदर होता. भारदस्त, स्वच्छ, एकही शब्द तुटलेला नाही. विमानतळावर गेट बदलल्याची घोषणा करावी असा. मॅगीने मान वळवून काकांकडे बघितलं. नुसतं बघितलं. काकांनी ते बघणं ओळखलं. त्यांची बोटं टॅबलेटवर थांबली, मग परत हलली.

"पुन्हा प्रागची मुलगी," टॅबलेट म्हणाला.

मी घरी येऊन लॅपटॉप उलटापालटा केला. बॅकअप बघितला, जुनी डिस्क काढली, ऑफिसमधल्या एका मुलाला विचारलं. बैल गेला अन् झोपा केला. थेरपिस्ट बाई फोनवर म्हणाल्या, घरगुती व्हिडिओ असतील तर बघा, त्यातूनही थोडं जमतं. व्हिडिओ भरपूर होते, पण सगळ्यांत कॅमेरा काकांच्याच हातात, आणि समुद्रावरच्या वाऱ्यात त्यांचं बोलणं उडून गेलेलं. फोनवर निरोप ठेवायची त्यांना सवय नव्हती, काही सांगायचं असलं की कुंपणाशी यायचे. काका समोरून, जवळून, स्पष्ट दिसतील असा एकच व्हिडिओ मिळाला. आमच्या गणपतीचा. पहिल्या रांगेत उभे, टाळ्या तालात, ओठ बरोबर हलतायत. आवाज आमच्या सगळ्यांचा.

मी जाऊन त्यांची माफी मागितली. रडलेच. त्यांनी लिहायला ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "तू नाही. मीच चोच लांब केली." आणि खाली, "पिवळा डबा वेळेवर काढलास. थँक्स." टॅबलेट फ्रिजवर गेला तो परत खाली आला नाही. मॅगी घरात उगाचच रेडिओ लावून ठेवायला लागली.

काका या ऑटममध्ये, म्हणजे एप्रिलमध्ये, गेले. आजार दुसरीकडे पसरला होता. अंत्यविधी चांगला झाला, रेल्वेतले म्हातारे मित्र आले होते, एकाने भाषण केलं. पण मला ते आठवत नाही. मला आठवतो तो त्याआधीचा, फेब्रुवारीतला एक शनिवार.

संध्याकाळ झाली होती. काका बऱ्याच दिवसांनी गवत कापायला बाहेर आले होते आणि मशीन नेहमीप्रमाणे सुरू होत नव्हतं. त्यांनी दोरी ओढली, परत ओढली, मग मशीनला लाथ घातली. तोंड जोरात हलत होतं. काही ऐकू येत नव्हतं, फक्त गळ्यातल्या भोकातून श्वासाची शिटी. मी तारेवरचे वाळलेले कपडे काढत होते, मला बघवेना. आणि माझ्या मागून आवाज आला.

"नो यो, म्हाताऱ्या! तुझंही माझ्यासारखंच झालंय. खोकतोस फार, काम करत नाहीस!"

ईरा. कुंपणाच्या फळीवर चढून, हनुवटी गळ्याशी घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ईरा! खाली उतर आधी!" मी धावले, पण काकांनी माझ्याकडे हात केला, थांब. मग तिला बोटाने खूण केली, परत.

तिने परत म्हटलं. या वेळी काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि केसभर मागे राहून ओठ हलवले. शब्दन्‌शब्दाला बरोबर. आवाज दहा वर्षांच्या मुलीने खरवडून काढलेला, पण तोडलेला बरोबर तिथेच जिथे काका तोडायचे, आखूड चोचीचा.

घरातून मॅगी धावत आली, हातात भांडी पुसायचं फडकं. "यार्दा?" ती दारातच थांबली. ईराकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही चिडणार.

ती म्हणाली, "ईरा, चहाचं कसं विचारतो तो?"

ईराने क्षणभरही विचार केला नाही. "मॅगी! चहा येतोय का मीच सिलोनला जाऊन आणू?" काकांचे ओठ हलले, भुवया वर गेल्या, हात कमरेवर गेला.

"येतोय, येतोय, ओरडू नकोस!" मॅगी म्हणाली. कितीतरी आठवड्यांनी ती त्या सुरात बोलली असेल. ती हसत होती आणि फडक्याने डोळे पुसत होती. मग लिंबाची शिवी झाली, डब्यांची झाली, केक खाणाऱ्या मुलीची गोष्ट झाली. काका घामाघूम झाले तरी थांबेनात. मी कपडे हातात घेऊन नुसती उभी होते.

अंधारायला आलं. मॅगी कुंपणाजवळ आली. खालच्या आवाजात, लाजल्यासारखी म्हणाली, "ईरा, आणि गुडनाइट? झोपताना तो मला गुडनाइट म्हणतो, ते?"

ईराने तोंड उघडलं, हनुवटी गळ्याशी नेली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"आय कान्ट. आय नेव्हर हर्ड हिम से गुडनाइट, आई. तू मला आधीच घरी बोलवायचीस."

काकांनी मॅगीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले. दोन शब्द, सावकाश, अगदी नीट. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं. बाकीचं बघायला आता कोणी नव्हतं.